मळीच्या रंगाची पट्टी

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसलेल्याला कीर्तन कधी लाभत नाही, आणि गोष्टही लाभत नाही. तांब्या मधोमध ठेवा, ज्याला तहान लागेल तो घेईल. आज जी गोष्ट सांगायची आहे तिच्यात पाणी थोडं आणि भीती पुष्कळ आहे. गोष्ट आहे रंगीत अक्षरांची. तुम्ही म्हणाल, अक्षरांना कोण भितं? ऐका तर खरं.

बीडच्या पेठेत गहिनीनाथ नावाचा एक छापखानेवाला होता. गळ्यात तुळशीची माळ आणि नखांत कायमची शाई. कुठल्याही गावचा हरिनाम सप्ताह असो, त्याची पत्रिका निघायची ती गहिनीनाथाच्याच मशीनवर. टपोरी शेंदरी अक्षरं, त्यांना पिवळी किनार. लोक भिंतीवरच्या पत्रिकेलाच हात जोडायचे. पत्रिका छापली की हा टाळ काखेत मारून त्या सप्त्याला जायचा आणि काल्याचा प्रसाद घेऊनच परतायचा. बायको मुक्ताबाई म्हणायची, "यांचं मशीन सप्त्यावर चालतं, डिझेलवर न्हाई."

साल दुष्काळाचं, चारा छावण्यांचं होतं. पालीजवळच्या बिंदुसरेच्या तळ्याला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. ऊस तोडून माघारी आलेल्यांनी घराचं कुलूप काढलं, आत डोकावलं, पुन्हा कुलूप लावलं आणि जनावरं घेऊन छावणी गाठली. गहिनीनाथाची आई छबुबाई लिंबागणेशाच्या अलीकडच्या छावणीत होती, आपल्या एकुलत्या एका गाईसह. गाईच्या कपाळावर चंद्राची कोर होती, म्हणून तिचं नाव चंद्री. लेक म्हणाला, "माय, शहरात ये, गाय सोडून दे छावणीवाल्यांच्या भरवशावर." तर म्हातारी म्हणाली, "अन् तिच्यासंग बोलंल कोण?" बारदानाच्या सावलीत ती गाईशेजारी झोपायची.

अशा दिवसांत एके सकाळी दूध सोसायटीचे चेअरमन मोहनराव छापखान्याच्या पायरीवर उभे राहिले. पांढरी टोपी, पांढरे बूट, धुरळ्याच्या सालातही बूट पांढरे.

"काय महाराज, नुसता टाळच कुटता का मशीनबी चालवता?"

"दोनी चालतंय साहेब, तुमची कृपा."

"कृपा पांडुरंगाची. आमचं फक्त काम. हे बघ."

त्यांनी टेबलावर एक वीट ठेवली. काळसर तपकिरी, चिकट, गुळासारख्या वासाची. साखर कारखान्याची मळी, कोंडा, मीठ आणि थोडा युरिया घालून सोसायटीनं ही चाटण वीट बनवली होती. गव्हाणीत ठेवायची, जनावर जाता येता चाटतं, वाळलेलं काड अंगी लागतं. चाटेल तोवर अमृत. पण तीच वीट पाण्यात कालवून पाजली तर युरिया एकदम पोटात जातो आणि जनावर तासाभरात पाय झाडतं.

सोसायटीच्या जनावरांच्या डॉक्टरनं लेबलासाठी मजकूर दिला होता, आणि त्याखाली दोनदा रेघ मारली होती: फक्त चाटू द्यावी. पाण्यात विरघळवून पाजू नये. उपाशी जनावराला आणि वासराला देऊ नये.

"हे काळ्या ठळक अक्षरात टाकतो," गहिनीनाथ म्हणाला.

"काळं? शुभकामात काळं कावून?" मोहनरावांनी भिंतीवरची सप्त्याची पत्रिका दाखवली. "असं देखणं पायजे. वर गाईचं चित्र, चार रंगात, जिवंत. खाली पट्टी काढ, ह्या विटेच्या रंगाची, मळीच्या रंगाची. तिच्यात हा मजकूर पांढरा. बारीक, नाजूक. मंत्रीसाहेब बघणार हायत."

गहिनीनाथाच्या ओठांवर 'नको' आलं होतं. पण आपल्या पत्रिकेकडं बोट दाखवून कुणी देखणं म्हटलं की माणूस विरघळतो. आणि पत्रिकेसारखं करायला काय लागतं? आयुष्यभर तेच तर केलं. तो म्हणाला, "करतो साहेब."

इथं जरा थांबा, मशीनचं सांगतो. नाहीतर पुढचं कळायचं नाही.

गहिनीनाथाचं मशीन एका वेळी एकच शाई ओढायचं. चार रंगांचं काम म्हणजे तोच कागद चारदा आत जाणार. आधी पिवळा, त्यावर लाल, मग निळा, शेवटी काळा. मळीचा रंग काही डब्यात मिळत नाही, तो पिवळा, लाल आणि निळा एकावर एक पडून कागदावरच तयार होतो. आता त्या पट्टीत पांढरं अक्षर हवं, तर तिन्ही शायांनी नेमकी तीच जागा मोकळी सोडायला हवी. कीर्तनात तीन टाळकरी असतात. तिघांचा टाळ एका क्षणी पडला तर मधल्या शांततेत बुवांचा शब्द ऐकू येतो. एक जण जरा जरी मागं राहिला की ती शांतता भरून जाते, आणि शब्द बुडतो. पत्रिकेवरचं अक्षर हाताच्या पंजाएवढं, तिथं शाई जराशी सरकली तर किनारच वाटते. तांदळाएवढ्या अक्षरात ती शाई अक्षरच गिळते.

आणि शाई सरकते कशानं? मशीननं नाही. कागदानं. कागद हवेतलं पाणी पितो. ओल असली की ताणतो, कोरड पडली की आक्रसतो, उपाशी पोटासारखा. म्हणून मुक्ताबाई उन्हाळाभर खिडक्यांना ओले गोणपाट बांधायची, फरशीवर पाणी शिंपायची. पहिल्या रंगापासून शेवटच्या रंगापर्यंत कागदाला कोरड पडू द्यायची नाही, हा छापखान्याचा नेम होता. एकादशीसारखा.

पिवळा झाला, लाल झाला. आणि गल्लीतल्या सप्त्याचा काला आला.

पंगत बसली आणि टँकर आला नाही. सप्त्याची मंडळी छापखान्यात आली, म्हणाली, तुमच्याकडं पिंप भरलेलं आहे म्हणे. गहिनीनाथानं विचारही केला नाही. पिंप उचलून दिलं.

मुक्ताबाई म्हणाली, "आवं, मग गोणपाट कशानं भिजवायचे?"

"माणसं तहानलीयत मुक्ते. गोणपाट काय मरतंय व्हय?"

त्यात त्याचं काय चुकलं? मला विचाराल तर काहीच नाही. काल्याच्या दिवशी मशीन बंद, दुसऱ्या दिवशी पाणी नाही. कागदाची थप्पी तशीच उघडी राहिली आणि खिडकीतून फुफाट्याचा वारा येत राहिला. बाहेर रानं वाळत होती तसा आत कागद वाळला. दुष्काळ कागदात शिरला, आणि दिसला कुणालाच नाही.

मोहनरावांचा निरोपावर निरोप येत होता. गहिनीनाथानं निळा ओढला, काळा ओढला. मशीन कागदाला ज्या बाजूनं चिमटीत धरतं, त्या बाजूची पहिली ओळ त्यानं भिंगाखाली धरली. गाय जिवंत. अक्षरं स्वच्छ, मोगऱ्याच्या कळ्या. त्यानं भिंगाला नमस्कार केला आणि कागद कापायला देऊन टाकले. शेवटची ओळ त्यानं पाहिली नाही. एका कागदावर लेबलांच्या ओळीवर ओळी असतात, आणि आक्रसलेला कागद चिमटीपाशी जागेवर राहतो. चूक वाढत जाते ती दुसऱ्या टोकाला, शेपटीकडं.

मुक्ताबाईनं लेबलं कापली, पहिल्या आणि शेवटच्या ओळीतली एकत्र करून गठ्ठे बांधले, आणि संध्याकाळी सोसायटीचा माणूस घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. मुक्ताबाईनं वाया गेलेल्या लेबलांतलं एक घेतलं आणि त्यावर चटणी बांधायला लागली. मग थांबली.

"आवं, माजे डोळे गेले का बघा बरं. ह्या पट्टीत काय लिवलंय?"

गहिनीनाथानं हसत लेबल घेतलं. "तुला कवाबी वाचायचा कंटाळा..."

हसू तिथंच राहिलं. पट्टीत काही लिहिलेलंच नव्हतं. मळीचा रंग होता आणि त्यात पांढऱ्या कणीसारखे ठिपके, जसं जात्याखाली पीठ सांडावं. त्यानं डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं, दारात उन्हात नेलं. 'पाण्यात' हा शब्द आपणच जुळवलेला, म्हणून तेवढा शोधून सापडला. ज्यानं जुळवला नाही त्याला तोही सापडला नसता.

त्यानं कचऱ्याची टोपली उपडी केली. एक चांगलं निघालं. एक वाईट. परत एक वाईट.

"मुक्ते," त्याचा आवाज बदलला होता, "शेवटाकडची सगळी ओळ गेलीय. अन् तू गठ्ठे मिसळून बांधलेस."

"मग? तसेच तर बांधते. पण चित्र तर चांगलं आलंय की."

"चित्राला कोण इचारतंय! लोक पेंडीचं काय करतात, सांग."

मुक्ताबाई शेतकऱ्याचीच लेक होती. तिनं तोंडावर पदर घेतला. सरकीची पेंड आपल्याकडं कोरडी कोण देतं? रात्री भिजत घालायची, सकाळी हातानं कालवायची, आणि जनावरापुढं आंबोण म्हणून बादली ठेवायची. विटेसारखं, गुळाच्या वासाचं काही हातात आलं, तर बाईमाणूस पहिलं काय करील? पाण्यात टाकील.

"अन् सकाळीच सोसायटीची जीप गेली ना," ती पुटपुटली, "टपावर विटांचे डबे. मी पाणी भरायला उभी होते. डायवर म्हणला, पयली खेप तुमच्या सासूच्या छावणीत."

चटणी जमिनीवर सांडली, ती कुणी उचलली नाही.

गहिनीनाथ पळत एसटीडी बूथवर गेला. मोबाइल तेव्हा गावोगाव नव्हते. सोसायटीत घंटी वाजत राहिली. मोहनरावांच्या घरी बाई म्हणाल्या, साहेब मुंबईला गेले, डॉक्टर केज तालुक्यात गेलेत. त्यांना तिथल्या दवाखान्यात निरोप पाठवा, हात जोडतो, असं तो फोनला हात जोडून म्हणाला आणि त्यानं आपली एम-एटी फटफटी काढली.

रस्त्यावर ऊन असं होतं की डांबर चाकाला धरत होतं. पाली मागं पडली. त्याला सवय होती, भीती वाटली की नाम घ्यायचं. ओठ हलायला लागले, पण नामाच्या जागी दुसरंच येत होतं. पाण्यात विरघळवून पाजू नये. पाण्यात विरघळवून पाजू नये. त्यानं डोकं झटकलं, पहिल्यापासून सुरुवात केली. परत तेच. देवाचं नाव तोंडातून निघून गेलं आणि त्याच्या जागी लेबल येऊन बसलं, याची त्याला फार भीती वाटली.

मांजरसुंब्याच्या घाटात त्याच्यापुढं एक टँकर चढत होता. मागच्या नळातून पाण्याची बारीक धार रस्त्यावर पडत होती आणि पडता पडता वाळत होती. गहिनीनाथानं गाडी बरोबरीला घेतली.

"कुठं चालला, भाऊ?"

"छावणीला! लिंबागणेशाकडं!" डायव्हर ओरडला. "सरक बे, मरशील!"

"जरा थांब! अर्धा तास थांब कुठंतरी! पाणी नेऊ नको!"

"काय?" डायव्हरनं मान बाहेर काढली. "पाणी नेऊ नको? उन्हानं डोकं फिरलं का? काल उशीर झाला तर दगड मारले मला त्यांनी!"

त्यानं हॉर्न दाबला. आणि गहिनीनाथाला सगळं एकदम समजलं. छावणीत विटा सकाळी पोचल्या. पण कालवायला पाणी कुणाकडं नव्हतं. पाणी आत्ता चाललंय. जी काही माणसं असतील ती विटा फोडून, टोपल्यात घालून, ह्या टँकरची वाट बघत बसली असतील. एम-एटीनं जेवढा जोर दिला तेवढा त्यानं घेतला, आणि टँकरला वळणावर मागं टाकलं.

छावणी दिसली. उसाच्या पाचटाचे ढीग, बारदानाची छपरं, रांगेनं बांधलेली हाडं आणि त्यांवर कातडी. त्यानं गाडी उभी केली नाही, टाकली. आणि त्याला जे दिसेल म्हणून घाटभर तो घाबरला होता तेच दिसलं. प्रत्येक दावणीपुढं पत्र्याचं टोपलं. टोपल्यात दगडानं ठेचलेली तपकिरी भुकटी. शेजारी फाडून फेकलेली लेबलं, त्यांवर त्याची गाय, चार रंगांत, जिवंत.

छावणीचा कारभारी सुग्रीव खुर्चीवर बसला होता. गहिनीनाथ त्याच्या अंगावरच गेला.

"पाणी घालू देऊ नका! त्या विटेत युरिया हाय, पाण्यात घातली की इख!"

"सावकाश, महाराज, सावकाश," सुग्रीव म्हणाला. "तसं असतं तर लिवलं नसतं का? सोसायटीचा माल हाय, कागद लावलेला." त्यानं पायाजवळचं लेबल उचललं. "दाखवा, कुठं लिवलंय?"

"खाली. पट्टीत."

सुग्रीवनं पट्टी बघितली. "इथं तर कायबी न्हाई."

"लिवलंय! मीच छापलंय! ते उमटलं न्हाई!"

"म्हंजे तुमी छापलं, पर छापलं न्हाई?" शेजारून धोंडीराम नावाचा शेतकरी हसला. त्याची बैलजोडी मागं उभी होती. "काल्याची भांग उतरली न्हाई वाटतं बुवाची."

दोघंचौघं हसले. हसण्यातही त्यांचे डोळे रस्त्याकडं होते. घाटाच्या बाजूला धुरळा उठला होता. टँकर येत होता.

गहिनीनाथ आईकडं धावला. छबुबाई चंद्रीच्या गळ्याला हात घालून बसली होती. लेकाला बघून तिचं तोंड उजळलं.

"आलास बाबा? बघ की, आज चंद्रीनं पोटभर आंबोण पिलं. कवाच्यान पिली न्हवती."

गाईपुढं बादली रिकामी होती. तळाला तपकिरी ओल.

"माय, पाणी कुठलं? पाणी तर आलं न्हाई अजून."

"माज्या वाटणीची घागर हुती ना प्यायची. मला काय लागतंय? इतका चांगला गुळाचा वास, म्हणलं पयल्यांदा माज्या चंद्रीला."

गहिनीनाथ खाली बसला.

"माय, त्यावर पट्टी हुती. खाली. इचारलं न्हाईस का कुणाला, काय लिवलंय म्हणून?"

"लिवलेलं हुतं व्हय?" म्हातारी म्हणाली. "मला वाचता येत न्हाई, पर लिवलेलं असलं की कळतं मला. मी इचारते. औषिधाची बाटली बी इचारून घेते. ते तर मला लुगड्याचा काठ वाटला रे."

तेवढ्यात चंद्रीचं कातडं थरथरलं. माशी बसल्यासारखं. पण माशी नव्हती. मग मान थरथरली, दात वाजायला लागले, आणि ओठाच्या कडेला फेस आला.

छबुबाईनं गाईकडं बघितलं, मग लेकाकडं. त्याच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं, आणि ते बिनचूक उमटलेलं होतं.

"इख हाय?"

"हाय माय."

"सगळ्यांच्या टोपल्यात?"

त्यानं फाटकाकडं बोट दाखवलं. टँकर फाटकातून आत शिरला होता. बायामाणसं टोपली घेऊन पळत होती, धक्काबुक्की चालू झाली होती, नळाला पाइप लागला होता.

आता ऐका. गाय पाय झाडत होती. त्या गाईसाठी जिनं शहर नाकारलं, पक्कं छप्पर नाकारलं, तोंडचं पाणी सोडलं, ती म्हातारी तिच्यापासून उठली. तिच्याकडं एकदा वळून बघितलं असेल नसेल. पदर खोचला आणि गर्दीत घुसली. धोंडीरामाच्या टोपल्यात पहिली धार पडली होती, भुकटी विरघळत होती, आणि त्यानं टोपलं थोरल्या बैलाच्या तोंडाला लावलंही होतं. छबुबाईनं टोपल्याला लाथ मारली.

पाणी सांडलं.

त्या सालात पाणी सांडणं! सगळी छावणी जागच्या जागी थांबली. शिवी द्यायला धोंडीरामाचं तोंड उघडलं, पण म्हातारी पाइप पोटाशी धरून मातीत बसली होती.

"आदी माजी गाय बघा," ती म्हणाली. ओरडली नाही. "जाऊन बघा तिकडं. मग घ्या पाणी. माज्या लेकानं सांगितलं तर हसलात, आता तिच्या तोंडाकडं बघून हसा."

आधी पोरी गेल्या. मग बाप्ये गेले. चंद्री आडवी पडली होती, पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. कुणीतरी किंचाळलं. आणि मग प्रत्येक जण आपापल्या टोपल्याकडं पळाला, पण या वेळी ते रिकामं करायला. सुग्रीव स्वतः दावणीदावणीनं फिरला आणि गहिनीनाथ त्याच्या पुढं, घसा बसेपर्यंत तेच एक वाक्य ओरडत: फक्त चाटू द्या, पाण्यात नको!

निरोप पोचला होता. डॉक्टर जीपमधून उडी मारूनच उतरले. उतारा म्हणून व्हिनेगर आणि गार पाणी धोंडीरामाच्या बैलाच्या नरड्यात ओतलं. एकदोन घोटच गेले होते त्याच्या पोटात, तो घाबरून गेला, थरथरला, पण उभा राहिला. मग डॉक्टर चंद्रीकडं वळले, गुडघ्यावर बसले, आणि बाटली परत पिशवीत ठेवली.

छबुबाईनं तेव्हा कुठं पाइप सोडला. येऊन गाईचं डोकं मांडीवर घेतलं. कपाळावरच्या कोरीवर बोट फिरवत राहिली. दिवस अजून चांगला वर होता. छावणीत एवढी माणसं, पण आवाज नव्हता, नुसती जनावरांची रवंथ ऐकू येत होती. ती रवंथ चालू होती, हेच पुष्कळ होतं.

गहिनीनाथ लांब उभा होता. मग जवळ आला.

"माय, ते म्याच छापलं."

"कळलं मला."

"कागद वाळला हुता. पाणी दिलं पंगतीला, अन्..."

"पंगतीला दिलं ते बरं केलंस," म्हातारी म्हणाली. "ते मागं घेऊ नको." मग म्हणाली, "पर बाबा, असं छाप, की माज्यासारखीला वाचता न्हाई आलं तरी लिवलंय एवढं तरी दिसंल. मग ती इचारंल कुणाला तरी. काठ नको करू."

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाईनं छापखान्यात सगळे गोणपाट ओले केले. पाणी आपल्या हंड्यातलं होतं, तिनं ते विचारून नाही, सांगून वापरलं. गहिनीनाथानं पट्टी काढून टाकली. पांढरा कोरा कागद ठेवला. एका डब्यात लाल शाई घेतली, तिच्यात पिवळी घालून पात्यानं घोटत बसला, तिची गुलाबी झाक जाऊन रक्ताचा रंग येईपर्यंत. रंग कागदावर नाही, डब्यातच तयार झाला. मग जाड अंगाची अक्षरं घेतली आणि एका शाईनं, एका ओढीत छापली. एकच टाळकरी असला की मागं पुढं व्हायला दुसरा कोण असतो?

पहिला कागद बाहेर आला तेव्हा त्यानं आधी शेपटीकडची ओळ बघितली. अक्षराची कड अशी, की नखानं सोलावी. तरी त्यानं परत बघितली. मुक्ताबाईला वाचायला लावली. मग रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाला आत बोलावून वाचायला लावली.

मोहनराव आले. बूट अजून पांढरेच होते. लेबल बघून म्हणाले, "पाटीसारखं दिसतंय रे. देखणं न्हाई." मग टोपी काढून, "असू दे," म्हणाले, आणि सगळ्या जुन्या विटा परत आणायला स्वतः जीपमध्ये बसले.

पुढं किती पावसाळे झाले. छापखान्यात मोठं मशीन आलं, चारही रंग एकदम ओढणारं. तरी गहिनीनाथाकडं कुणी बारीक अक्षर दोनतीन शायांत मागितलं की तो हात जोडतो. गिऱ्हाईक म्हणतं, बुवा, आता काय भीती, मशीन नवं आहे. हा म्हणतो, मशीन नवं हाय, कागद तोच हाय. आणि एका शाईत करून देतो. कागद बाहेर आला की शेवटच्या ओळीवर बोट ठेवतो, अक्षर न् अक्षर वाचतो.

छबुबाई आता नाही. गहिनीनाथाच्या छापखान्यात तिचा फोटोही नाही, तिनं कधी काढूच दिला नाही. म्हणून तुमच्याकडं एक मागणं आहे, फुकटचं. कधी एखाद्या पोत्यावर, बाटलीवर, डब्यावर तळाशी बारीक अक्षरं दिसली, आणि शेजारी वाचता न येणारं कुणी उभं असलं, तर ती मोठ्यानं वाचा. वाचून झालं की क्षणभर त्या म्हातारीला आठवा, जी मरत्या गाईजवळून उठली, आणि ज्या सालात थेंब मिळत नव्हता त्या सालात जिनं भरलं टोपलं लाथेनं सांडलं. तिला विसरू नका.